नव्या मासिकाचा संसार

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त मुर्री येथे भरलेल्या सभेत केलेले भाषण)



महोत्सवाच्या सभेत बोलावयास उभे राहिले म्हणजे गतकाळातील उपकारकर्त्यांचे स्मरण करावे, हा शिष्टाचार आहे. ते स्मरण सकाळच्या मिस्सेत आपण सर्वांनी मनोभावे केले. म्हणून या सभेत आम्ही मागील काळ बाजूस ठेवून पुढच्या एका कामाविषयी बोलणार आहोत. आपल्या तरुण मंडळीने महोत्सव समितीपुढे एक विनंती ठेविली आहे. महोत्सव आटोपल्यावर मुर्रीतून एक मराठी मासिक सुरू करावे आणि त्याच्या खर्चासाठी महोत्सव-निधीतील शिल्लक रक्कम द्यावी, अशी ती विनंती आहे. समितीने निर्णय घेण्यापूर्वी आमचे मत विचारले. ते चार भिंतींआड सांगण्यापेक्षा सर्वांसमक्ष सांगावे, हे आम्हांस अधिक बरे वाटले. कारण निधीतील पैसा सर्वांचा आहे.

या विनंतीवर तीन प्रकारची मते आमच्या कानी आली आहेत. वडीलधारी मंडळी म्हणतात, लिहिणे ही सेवा आहे, तिच्यात पैशाची भाषा कशाला? तरुण म्हणतात, गोंदियाच्या व्यापाऱ्यांच्या जाहिराती मिळवू आणि मासिक घरोघर फुकट वाटू. तिसरे मत उघडपणे कोणी मांडीत नाही. ज्यांच्या हाती खरोखर लेखणी आहे असे एक-दोघे आम्हांस एकांतात विचारतात की, "फादर, लिहून पोट भरेल काय? भरत असेल तर आम्ही गाव सोडून नागपूर-पुण्याची वाट धरणार नाही." या तिन्ही मतांना उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे. त्यातही शेवटच्या प्रश्नाला खरे उत्तर देणे अधिक अगत्याचे आहे, कारण त्यावर एखाद्या घराचे भवितव्य अवलंबून असते.

प्रथम वडीलधाऱ्यांच्या शंकेकडे वळू. कामाचा मोबदला घेण्यात कमीपणा नाही, हे आपल्या भागातील माणसाला सांगावे लागू नये. उन्हाळ्यात तेंदूपाने तोडणारी बाई आपल्या पुड्यांची मोजणी करून घेते. विडी वळणारा हजारी मजुरी मोजून घेतो. धान विकणारा शेतकरी काट्यावरील आकडा स्वतः वाचून पाहतो. यांपैकी कोणासही आपण लोभी म्हणत नाही. मासिकाच्या बाबतीत छापखानेवाला, कागदविक्रेता व टपालखाते आपापले दाम रोख घेतात. फक्त लिहिणाऱ्याने व चालकाने उपाशीपोटी राबावे, ही अपेक्षा न्यायाची नाही आणि व्यवहाराचीही नाही. अशा पदरमोडीवर चालणारी पत्रे चालकाची उमेद आणि घरच्यांची सहनशीलता असेतो चालतात, पुढे बंद पडतात.

आपली माणसे पैसे देऊन शब्द ऐकावयास तयार नसतात, असेही कोणी म्हणू नये. दिवाळीनंतर पूर्व विदर्भात झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाहून निघालेल्या मंडळ्या गावोगावच्या मंडपांत रात्र रात्र नाटके करतात आणि धानाचा पैसा हाती आलेला शेतकरी सहकुटुंब तिकीट काढून ती पाहतो. या रंगभूमीवरील नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. नाटक आपल्या माणसांचे, आपल्या बोलीतले व आपल्या हंगामाला धरून असले की प्रेक्षक आपण होऊन पैसे मोजतो. मासिकाने पहिला धडा घ्यावा तो या मंडपातून.

आता नियतकालिकांचा इतिहास पाहू. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईस 'दर्पण' सुरू केले, तेव्हा त्यांचे वय अवघे वीस वर्षांच्या आसपास होते. एका स्तंभात मराठी व दुसऱ्यात इंग्रजी मजकूर अशी त्याची मांडणी होती. विद्वत्तेत बाळशास्त्र्यांना तोड नव्हती. तथापि १८४० साली ते पत्र बंद झाले. वर्तमानपत्र विकत घेऊन वाचण्याची सवयच तेव्हा मराठी माणसाला नव्हती. जो पहिल्याने पत्र काढतो त्याला मजकुराबरोबर वाचकही घडवावा लागतो, आणि वाचक घडण्यास लागणारा काळ हा चालकाच्या पैशाने काढावयाचा असतो. आपल्या तरुणांनी आपल्या हिशेबात कागद धरला, शाई धरली, परंतु हा काळ धरलेला आम्हांस दिसला नाही.

याहून आपल्याला जवळचे उदाहरण खेड्यातले आहे. १८७७ साली कृष्णराव भालेकर यांनी पुण्यात 'दीनबंधु' हे पत्र काढले. शेतकरी व कष्टकरी यांची बाजू मांडणारे ते पत्र होते. परंतु ज्यांच्यासाठी ते निघे त्यांतील पुष्कळांस अक्षरओळख नव्हती आणि वर्गणी भरण्याची ऐपतही नव्हती. तोटा सोसवेना, तेव्हा १८८० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईस नेऊन पुढे चालविले. याच भालेकरांचे पुत्र मुकुंदराव पाटील यांनी १९१० साली 'दीनमित्र' सुरू केले. वडिलांच्या पत्राची ओढाताण ठाऊक असूनही त्यांनी हे धाडस केले. ते पुण्यामुंबईस गेले नाहीत. अहमदनगर जिल्ह्यातील तरवडीसारख्या खेड्यात राहून त्यांनी पत्र चालविले, आणि १९६७ साली त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे सत्तावन्न वर्षे, ते चालले.

खेड्यातले पत्र सत्तावन्न वर्षे कशावर जगले? ज्यांच्याविषयी लिहावयाचे त्यांच्यातच चालकाचे बिऱ्हाड होते. शेतकऱ्याचे कर्ज, गावातील खोट्या समजुती, पाटील-कुळकर्ण्यांचा कारभार, हे विषय शोधावयास त्यांना बातमीदार पाठवावा लागत नव्हता. शहरातील भाडे नाही व शहरातील डामडौल नाही, म्हणून खर्च आटोक्यात राहिला. शहरातील संपादकाला जी बातमी महिन्याने कळे, ती त्यांच्या दारावरून जात होती. मुर्रीतून मासिक काढणे म्हणजे वेड्याचा बाजार आहे असे जे म्हणतात, त्यांनी तरवडीचा हा दाखला जरूर ध्यानात घ्यावा. मात्र तरुणांनीही त्यातील सत्तावन्न हा आकडा विसरू नये.

देणगीवर मासिक चालेल काय, या प्रश्नास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्रांचा इतिहास उत्तर देतो. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले, त्यास छत्रपती शाहू महाराजांनी २,५०० रुपयांचे साहाय्य दिले. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. त्याच वर्षी डॉ. आंबेडकर पुढील शिक्षणासाठी विलायतेस गेले आणि १९२३ साली ते पत्र बंद पडले. १९२७ साली त्यांनी 'बहिष्कृत भारत' काढले. त्यातील बहुतेक मजकूर त्यांना स्वतःच लिहावा लागे. १९२९ साली तेही थांबले. १९३० साली त्यांनी 'जनता' काढले, ते मात्र टिकले आणि १९५६ साली 'प्रबुद्ध भारत' या नावाने पुढे गेले. देणगीने पत्राचा जन्म होतो. पुढच्या अन्नाची सोय निराळी करावी लागते. एवढ्या थोर विद्वानासही तीन वेळा आरंभ करावा लागला, मग आपले पहिले पाऊल अडखळले तर त्यात नवल काय?

जाहिरातीचा विषय निघाला की आम्हांस 'किर्लोस्कर' मासिकाची आठवण होते. १९२० साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघू लागले, ते कारखान्याची व त्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांस व्हावी म्हणून. शंकरराव किर्लोस्कर त्याचे संपादक होते. नुसत्या नांगराची स्तुती वाचण्यासाठी कोणी मासिक उघडीत नाही, हे त्यांनी लवकर ओळखले. मासिकात कथा आल्या, चित्रे आली, उद्योगाच्या व सुधारणेच्या गोष्टी आल्या. १९२९ साली नावातील 'खबर' गेली व 'किर्लोस्कर' उरले. पुढे १९३० साली स्त्रियांसाठी 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' निघाले. ज्या घरात एक अंक जात होता त्याच घरातील दुसऱ्या माणसासाठी दुसरा अंक तयार झाला. मिळकत वाढविण्याची ही रीत विचार करण्यासारखी आहे. किंमत चढविली नाही तरी जुन्या वाचकाच्या घरात नवा वाचक मिळतो.

दुसरी रीत हंगामाची. काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकाने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला. सणाच्या दिवसांत घरी पैसा असतो, वाचावयास फुरसत असते आणि व्यापाऱ्यालाही जाहिरात हवी असते. तेव्हापासून आजवर किती मराठी मासिकांनी वर्षभराची तूट दिवाळीच्या अंकावर भरून काढली, त्याची गणती नाही. उलट बाजूस 'सत्यकथा' पाहा. मराठी कथेत व कवितेत या मासिकाचा दबदबा इतका की तेथे नाव छापून येणे हे लेखकाला भूषण वाटे. तेही १९८२ साली बंद झाले. मानमरातब व वर्गणी या दोन वेगवेगळ्या वह्या आहेत. एकीतील शिल्लक दुसरीत मांडता येत नाही.

आपल्या कॅथलिक समाजातही ही परंपरा आहे. १९०३ साली फादर हेन्री डोरिंग या येशूसंघीय धर्मगुरूंनी अहमदनगर भागातील खेड्यांत काम करीत असता 'निरोप्या' सुरू केला. त्या मासिकाने शंभरी ओलांडली. वसईत १९५५ साली 'सुवार्ता' निघाले. १९८३ पासून २००७ पर्यंत फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे संपादक होते. त्यांच्या हाती ते केवळ देवळाच्या दाराशी घेण्याचे पत्र राहिले नाही. वसईची जमीन, पाणी व झाडी यांवर येणारे संकट हा विषय ख्रिस्ती घराइतकाच शेजारच्या हिंदू-मुसलमान घराचाही होता, म्हणून तेथील लेखनाकडे सर्वांचे लक्ष गेले. २०२० साली उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ साली ते निवर्तले. धर्मग्रामाच्या मासिकाने धर्मग्रामापुरतेच लिहावे असा नियम नाही. मुर्रीतील कॅथलिक घरांची संख्या आपण जाणतोच. तेवढ्याच वाचकांवर हिशेब बांधला तर तो पहिल्या वर्षीच कोसळेल.

परदेशातील एक उदाहरण सांगून हा इतिहास संपवितो. पोलंड देशातील संत मॅक्सिमिलियन कोल्बे यांनी जानेवारी १९२२ मध्ये क्राकूव्ह शहरी एका मासिकाचा पहिला अंक काढला. प्रती ५,००० होत्या. त्याच वर्षी ग्रोद्नो येथे जाऊन त्यांनी स्वतःचे यंत्र घेतले. १९२७ साली वॉर्सा शहराजवळ मठ व छापखाना एकत्र उभारला. मठातील बंधू स्वतः छपाई करीत, अंक बांधीत, यंत्रे दुरुस्त करीत. मिळालेला पैसा पुन्हा यंत्रात व कागदात जाई. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्या मासिकाच्या प्रती दरमहा सात लाखांवर गेल्या. कोल्बे स्वतः १४ ऑगस्ट १९४१ रोजी आउश्वित्झच्या छळछावणीत दुसऱ्या कैद्याच्या जागी मरण पत्करून गेले. त्यांच्या भक्तीचा पाठ आपण अनेकदा ऐकला आहे. त्यांच्या जमाखर्चाचाही पाठ घेण्यासारखा आहे. वाढ झाली ती हाताखालचे काम स्वतः शिकल्याने व नफा खाऊन न टाकल्याने.

आता तरुणांच्या योजनेकडे वळू. ते म्हणतात, मासिक फुकट वाटू. आपल्या बाजूस ते संत फ्रान्सिस द सेल्स यांचे नाव घेतात. त्या संतांनी शाब्ले प्रांतात लहान लहान पत्रके लिहून ती लोकांच्या दाराखालून आत सरकविली, हे खरे आहे. १९२३ साली पोप अकरावे पायस यांनी त्यांना लेखक व पत्रकार यांचे आश्रयदाते ठरविले, हेही खरे आहे. परंतु ती पत्रके जे ऐकावयास येत नव्हते त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी, एका विशिष्ट कामापुरती होती. बारा महिने, वर्षानुवर्षे चालवावयाच्या मासिकाची गोष्ट वेगळी आहे. फुकट आलेला अंक लोक ठेवून घेतात. वाचतात की नाही, हे चालकाला कळण्याचा मार्ग नसतो. वर्गणीदार मात्र वर्षअखेर वर्गणी भरून किंवा न भरून आपले मत स्पष्ट सांगतो. दुसरे असे की, फुकट मासिकाचे पैसे जाहिरातदार भरतो, म्हणून मासिकाचा धनी तोच होतो. उद्या धानाच्या वजनात खोट दिसली आणि वजन करणारा आपला जाहिरातदार असला, तर ती बातमी छापली जाईल काय? या प्रश्नावर तरुणांनी आपसात प्रामाणिकपणे बोलावे.

म्हणून आमचे पहिले मत असे की, मासिकास वर्गणी असावी; थोडी असावी, पण असावी. जाहिराती जरूर घ्याव्या, परंतु त्या एकचतुर्थांश पानांपेक्षा अधिक नसाव्या, प्रत्येकीवर 'जाहिरात' असे ठळक छापावे आणि पैसे दामदुप्पट करून देणाऱ्यांची, दारूची व सोडतीची जाहिरात कितीही दाम मिळाले तरी घेऊ नये. अशा जाहिरातीवर विश्वासून एखाद्या विधवेने आपली पुंजी घालविली, तर तिचे उत्तरदायित्व आपल्यावर येईल.

आता प्रत्यक्ष हिशेब मांडू. बुरूज बांधावयास निघालेल्या माणसाने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हा प्रभूने दिलेला दृष्टान्त सर्वांस ठाऊक आहे. समजा, सोळा पानी अंकाची अक्षरजुळणी व छपाईची तयारी यांस दरमहा २,००० रुपये लागतात. प्रती कितीही काढा, हा खर्च तेवढाच. त्यावर प्रत्येक प्रतीस कागद, छपाई व पोहोचविणे मिळून १० रुपये. वार्षिक वर्गणी २०० रुपये. असे धरले तर दीडशे वर्गणीदार असता वर्षाचा खर्च ४२,००० रुपये होतो व वर्गणी ३०,००० जमते, तूट १२,०००. तीनशे वर्गणीदार झाले की खर्च ६०,००० व वर्गणीही ६०,०००, तोंडमिळवणी झाली. प्रत्यक्ष दर छापखान्यात विचारून हे आकडे बदलून घ्यावे, परंतु रीत हीच राहील. तीनशे वर्गणीदार होईपर्यंतची तूट कोठून भरावयाची हे ठरल्याशिवाय पहिला अंक काढू नये.

ज्यांनी पोट भरण्याविषयी विचारले त्यांनी आता नीट लक्ष द्यावे. तीनशेच्या पुढे प्रत्येक वर्गणीदारामागे वर्षास ८० रुपये उरतात. संपादकाला महिन्यास केवळ ५,००० रुपये द्यावयाचे म्हटले तरी वर्षाचे ६०,००० होतात, आणि त्यासाठी आणखी साडेसातशे, म्हणजे एकूण साडेदहाशे वर्गणीदार हवेत. हे एका वर्षात होणारे काम नव्हे. तीन-चार वर्षांत झाले तरी भाग्य समजावे. तेव्हा आमचे स्पष्ट सांगणे असे: मासिकाच्या भरवशावर हातची नोकरी सोडू नका, शिक्षण अर्धवट टाकू नका आणि घरच्यांना खोटी आशा लावू नका. ज्याला गाव सोडून जाणे भाग आहे त्याने निःशंक मनाने जावे व तेथून लिहावे. परंतु यावरून निराशही होऊ नका. मासिक चालविताना जी कला हाती येते तिला बाजारात दाम आहे. शुद्ध मराठी लिहिणे, मुद्रिते तपासणे, पाने मांडणे, भाषांतर करणे, हिशेब ठेवणे ही कामे शाळा, संस्था व छापखाने पैसे देऊन करून घेतात. वर्षभर क्रमशः छापलेली चांगली लेखमाला पुढे पुस्तक होऊन विकली जाते. मासिक हे दुकानाचे दार आहे; मिळकत पुष्कळदा आतल्या मालाची होते.

वर्गणीदार मिळतील कशाने? नागपूरच्या वर्तमानपत्रात जे आधीच वाचले ते महिन्याने पुन्हा छापून मिळणार नाहीत. नागपूरला जे ठाऊक नाही ते आपण द्यावे. आपल्या तालुक्यातील धानखरेदीची माहिती, विद्यार्थ्यांस मिळणाऱ्या शिष्यवृत्तींच्या मुदती, वसतिगृहांची माहिती, गावोगावचे विवाह, नामकरण व मृत्यू, वृद्धांच्या तोंडच्या आठवणी, झाडीबोलीतल्या म्हणी व गोष्टी. हे सर्व दुसरे कोण छापणार? आपला जिल्हा १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झाला. मध्य प्रदेश व छत्तीसगड यांच्या सीमेवर तो असल्याने येथील घरांत मराठीबरोबर हिंदी, पोवारी, छत्तीसगडी व गोंडीही बोलली जाते. अशा ठिकाणी सोपी, स्वच्छ मराठी लिहिणाऱ्याला शेजाऱ्याचे मनही जिंकता येते. कामधंद्यानिमित्त रायपूर, नागपूर, पुणे येथे गेलेली आपली कुटुंबे पहिले वर्गणीदार होतील, असा आमचा कयास आहे. गावापासून दूर गेलेल्या माणसाला गावच्या बातमीची भूक अधिक असते.

एक गोष्ट या सर्वांहून महत्त्वाची वाटते, ती नियमितपणाची. अंक पहिल्या रविवारी निघेल असे सांगितले तर तो पहिल्या रविवारीच निघाला पाहिजे. चोवीस पानांचा अंक दोन महिने निघून तिसऱ्या महिन्यास गडप होण्यापेक्षा आठ पानांचा अंक बाराही महिने निघावा. वाचक मासिकाची वाट पाहू लागला की अर्धे काम झाले.

कोणी म्हणतील, आता छापखान्याची गरजच काय? हातातील दूरध्वनीवरून लिहिलेले क्षणात जगभर जाते. खरे आहे, आणि दूर राहणाऱ्या वर्गणीदारास अंक तसा पाठविल्यास टपालाचा खर्चही वाचेल. परंतु ज्या वाटेने आपले लिहिणे जाते त्याच वाटेने रोज हजारो जणांचे लिहिणे जात असते. पाठविणे स्वस्त झाले, वाचकाची फुरसत मात्र तेवढीच राहिली. म्हणून विश्वास व नियमितपणा यांची किंमत उलट वाढली आहे. छापील मासिक काढणार असाल तर नोंदणीही विसरू नका. १८६७ सालचा जुना कायदा जाऊन २०२३ सालचा नवा नियतकालिक-नोंदणी कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला आहे. नाव मागणे व नोंदणी करणे ही कामे आता घरबसल्या एकाच अर्जाने करता येतात. मंडळापैकी एकाने हे काम अंगावर घ्यावे.

शेवटी निधीविषयी. शिल्लक रक्कम सबंध मासिकास द्यावी, हे आम्हांस मान्य नाही. शाळेच्या मुलांची निकडही डोळ्यांसमोर आहे. एक पैसाही देऊ नये, हेही मान्य नाही. आमची सूचना अशी. तरुणांनी आगमनकाळाच्या पहिल्या रविवारपर्यंत शंभर वर्गणीदारांकडून वर्षाची वर्गणी आगाऊ जमवावी. जितके वर्गणीदार तितकीच रक्कम निधीतून, म्हणजे दोनशे रुपयांस दोनशे रुपये, घालावी. शंभर झाले नाहीत तर ज्याचे पैसे त्यास परत करावे व मासिक काढू नये. झाले तर वर्गणीचे पैसे स्वतंत्र खात्यात ठेवावे, दर तीन महिन्यांनी जमाखर्च मासिकातच छापावा आणि पुढेमागे मासिक बंद करण्याची पाळी आली तर उरलेल्या महिन्यांची वर्गणी आधी परत करून मग दार लावावे. निधीतील मदत दोन वर्षांपुरती राहील. तिसऱ्या वर्षी मासिकाने आपल्या पायांवर चालावे किंवा सन्मानाने थांबावे.

या अटी कठोर आहेत, असे काही तरुण चेहरे आताच सांगत आहेत. परंतु शंभर घरे जाऊन वर्गणी मागताना तुम्हांस जे कळेल ते कोणत्याही भाषणातून कळणार नाही. कोणाला काय वाचावेसे वाटते, कोण का नकार देतो, कोणाच्या घरी वाचता येणारे केवळ लहान मूलच आहे, हे त्या दारांत उभे राहिल्यावर समजेल. पहिल्या अंकाचा मजकूर त्यातूनच तयार होईल. वडीलधाऱ्यांना आमची विनंती आहे की, ही मुले दारी आली म्हणजे त्यांना नुसता आशीर्वाद देऊन परत पाठवू नये. वर्गणी द्यावी, अगर देत नसल्यास त्याचे खरे कारण सांगावे.

सभा संपल्यावर वही मंडपाच्या दाराशी ठेविली जाईल. तीत पहिले नाव आमचे असेल आणि वर्गणी रोख भरून पावती घेऊनच आम्ही पुढे जाऊ. देव आपल्या सर्वांचे भले करो.